ऑस्वाल्ड अंकलची साखर माझ्या फोनमध्ये

ऑस्वाल्ड मिस्किटांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन हा त्यांचा, त्यांच्या बायकोचा आणि डॉक्टरांचा प्रश्न होता. त्यात माझा संबंध एवढाच, की परळच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दार आणि माझं दार समोरासमोर आहे. घर घेताना माणूस पाण्याचं प्रेशर बघतो, भिंतीला ओल आहे का ते बघतो, मेंटेनन्सवरून वाद घालतो. समोर कुणाचं दार आहे आणि त्या दारामागच्या माणसाचे गुडघे कसे आहेत, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

अंकल रेल्वेच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून रिटायर झालेले. माणूस उंच, आवाज मोठा, आणि मत प्रत्येक बाबतीत. इमारतीला लिफ्ट नाही. गुडघा बिघडत गेला तसं अंकलचं खाली उतरणं कमी होत गेलं आणि ईस्टरनंतर पूर्ण थांबलं. रविवारचं चर्च सुटलं, लालबागचा मासळीबाजार सुटला. मासळी आता व्हायोला आंटी आणायच्या आणि ती कशी चुकीची आणली हे अंकल गॅलरीतल्या खुर्चीत बसून सांगायचे. आंटी ऐकून घ्यायच्या. नंतर माझ्या बायकोकडे, दीपिकाकडे, येऊन म्हणायच्या की देवाने त्याचा गुडघा घेतला तो घेतला, थोडा आवाजही घ्यायचा होता.

शेवटी इमारतीतल्या आम्ही चौघांनी अंकलना खुर्चीत बसवून, खुर्चीसकट तीन मजले उतरवून सर्जनकडे नेलं. सर्जनने एक्स-रे बघून सांगितलं की गुडघा बदलायला हवा. यावर सगळ्यांचं एकमत झालं, तारीखही ठरली. मग रक्ताचा रिपोर्ट आला. अंकलना डायबेटिस आहे हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. खुद्द अंकलही ते नाकारत नसत. फक्त ते त्याच्याशी लांबच्या नातेवाइकासारखे वागत. आहे, नाही असं नाही, पण सारखं घरी कशाला बोलवायचं? या रिपोर्टात मात्र तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी येते, आणि सरासरीपुढे आदल्या दिवशीचा उपास चालत नाही. सर्जन म्हणाला, एवढ्या साखरेत गुडघा उघडला तर जखम भरणार नाही, आत पू झाला तर नवा गुडघाही काढून टाकावा लागेल. "आधी साखर खाली आणा," तो म्हणाला, "मग आम्ही तुम्हाला खाली आणतो."

आम्ही त्यांना पुन्हा वर नेलं. साखर जास्त निघाली म्हणून वजन काही कमी झालं नव्हतं.

अंकलची मुलगी जोॲना टोरांटोला असते. ती याच जिन्यावर वाढली, मला अभयदादा म्हणते आणि लहानपणापासून माझ्याकडून कामं करून घेते. तिने कुणाबरोबर तरी एक यंत्र पाठवलं. यंत्र म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याएवढी चकती. ती दंडाला चिकटवायची, दर पंधरवड्याला बदलायची; तिची केसासारखी बारीक तार कातडीच्या आत राहते आणि सतत साखर मोजून फोनला कळवते. फोनमधून ती साखर जगात कुठेही जाऊ शकते. ती टोरांटोला जाणारच होती. पण जोॲना म्हणाली, मी इथे झोपलेली असताना तिथे कुणीतरी बघायला नको का, अभयदादा?

मी हो म्हटलं. आकडे बघणं हा माझा धंदाच आहे. मी सरकारी विमा कंपनीत क्लेम्स तपासतो. समोरचा माणूस खरं बोलत नाही, या गृहीतावर माझा पगार चालतो. त्यातून मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेला. शेजारच्या खोलीत काय शिजतंय हे भिंतीपलीकडून ओळखायची सवय लहानपणापासूनची. या कामाला माझ्याइतका लायक माणूस परळमध्ये दुसरा नव्हता, असं मला प्रामाणिकपणे वाटलं.

चकती चिकटवण्याचा कार्यक्रम रविवारी सकाळी झाला. दुसऱ्या मजल्यावरचे दगडूभाऊ तांबे आले. दगडूभाऊ काळाचौकीच्या एका गणेशोत्सव मंडळाचे जुने कार्यकर्ते. कुठलंही काम अध्यक्षाशिवाय होऊ नये असं त्यांचं मत आहे आणि अध्यक्ष कोण हे ते विचारत नाहीत. तळमजल्यावरच्या शांताबाई आल्या, येताना कारल्याचा रस घेऊन आल्या. जोॲना व्हिडिओ कॉलवर सूचना देत होती, दीपिका त्या वाचून दाखवत होती, दगडूभाऊ दंड धरून होते, आणि अंकल सांगत होते की वर्कशॉपमध्ये इंजिनालासुद्धा आम्ही एवढी माणसं लावत नव्हतो. खट्ट असा आवाज आला. थोड्या वेळाने माझ्या फोनवर आकडा उमटला : दोनशे बारा. सगळ्यांनी वाकून तो पाहिला. शांताबाईंनी हात जोडले. त्यांना वाटलं, झालं.

पहिल्याच आठवड्यात ऑफिसमध्ये रीजनल मॅनेजरची मीटिंग होती. साहेब खोट्या क्लेम्सबद्दल बोलत असताना माझ्या खिशातून भोंगा वाजला. साखर मर्यादेबाहेर गेली की तो वाजतो, आणि फोन सायलेंट असला तरी वाजतो. मी घाईघाईने बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "अंकल अडीचशे." साहेबांनी विचारलं, अडीचशे काय, लाख? मी बाहेर गेलो, आंटींना फोन लावला. आंटींनी शांतपणे सांगितलं की काही नाही रे, दोन चिकू दिले. मी म्हटलं, चिकू गोड असतो. त्या म्हणाल्या, चिकू फळ आहे. यावर आमचं थोडा वेळ बोलणं झालं. मी आत परतलो तेव्हा अख्ख्या मीटिंगला चिकूचं कळलेलं होतं. त्यानंतर साहेब मला कॉरिडॉरमध्ये भेटले की आधी अंकलचा आकडा विचारायचे, मग माझ्या प्रलंबित फायली. मला ते बरंच पडलं.

घरात गोड ठेवायचंच नाही असं आम्ही ठरवलं. आंटींनी पेरूचं चीज, म्हणजे पेरूचा गर साखरेत आटवून केलेल्या वड्या, जॅमच्या बाटल्या, नारळाच्या वड्या आणि साखरेचा डबा असं सगळं एका टोपलीत भरलं आणि माझ्या घरी आणून ठेवलं. टोपली ठेवताना त्यांचा चेहरा माहेरची भांडी गहाण टाकणाऱ्या बाईसारखा झाला होता. मी त्यांना सांगितलं की माल माझ्याकडे सुरक्षित आहे. टोपली मी आमच्या कपाटावर ठेवली. जप्त केलेल्या मालाची वेळोवेळी तपासणी करावी लागते. ती मी करत होतो, बहुधा जेवणानंतर.

आणि गंमत म्हणजे साखर उतरू लागली. दोनशे, एकशे ऐंशी, एखाद्या दिवशी दीडशे. सर्जनने दुसरी तारीख दिली. जोॲना मला टाळ्यांची चित्रं पाठवू लागली. क्लेम्सच्या कामात टाळ्या मिळत नाहीत, त्यामुळे मी थोडा हवेत होतो.

मग गुडघ्याने उचल खाल्ली. ऑपरेशन पुढे गेलं म्हणून गुडघा काही थांबला नव्हता. अंकलना खुर्चीतून उठताना घाम फुटायचा. ते ओरडायचे नाहीत, आणि ओरडणारा माणूस ओरडेनासा झाला की घरात फार शांत वाटतं. आंटी दारात येऊन उभ्या राहायच्या. मला ते बघवेना.

माझा स्वतःचा खांदा तेव्हा धरलेला होता. त्यासाठी दगडूभाऊंनी मला एक पावडर आणून दिली होती. काळाचौकीला एक माणूस गुरुवारी बसायचा, तो कागदाच्या पुड्यांत द्यायचा. शंभर टक्के जडीबुटी, साइड इफेक्ट शून्य, आणि दगडूभाऊंच्या साडूची कंबर याची साक्षीदार. मी विश्वास न ठेवता घेतली आणि चार दिवसांत माझा हात पंख्याच्या पात्यापर्यंत जाऊ लागला. असा अनुभव असल्यावर शेजारच्याला दुखत ठेवणं मला माणुसकीला धरून वाटलं नाही. मी अर्ध्या पुड्या अंकलना नेऊन दिल्या. दगडूभाऊंनी मधातून घ्यायला सांगितलं होतं. डायबेटिसच्या माणसाला मध चालणार नाही हे माझ्या लक्षात आलं, म्हणून मी कोमट पाण्यातून द्यायला सांगितलं. त्या दक्षतेचं मला त्या वेळी कौतुकही वाटलं होतं.

पावडरने गुण दिला. आठवड्याभरात अंकल भिंतीला धरून माझ्या दारापर्यंत आले आणि माझ्या सोफ्यावर बसून म्हणाले की चहात दूध जास्त आहे. आंटींनी मला मेणबत्ती लावली, म्हणजे माझ्या नावाने चर्चमध्ये.

आणि साखर चढू लागली.

दोनशे साठ. तीनशे. तीनशे वीस. विशेषतः दुपारनंतर. खाणं तेच, गोळ्या त्याच, मग चढते कशी? एकच उत्तर होतं : अंकल लपून खातात. खोटा क्लेम माझ्यासमोर रोज येतो, त्याचा वास मला ओळखता येतो. मी कामाला लागलो. ऑफिसमधून अवेळी घरी येऊन पाहिलं. त्यांच्या चहाचा घोट घेऊन पाहिला. उशीखाली पाहिलं, बायबलमागे पाहिलं. आंटींच्या पर्समध्ये बघू का असं विचारल्यावर दीपिकाने मला आत बोलावून, अशा गोष्टी विचारायच्या नसतात, एवढंच सांगितलं. महिन्यातून एकदा चर्चमधले एक गृहस्थ अंकलसाठी घरी प्रसाद घेऊन येतात, पातळ पांढरी चकती. ती कशाची असते, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, ख्रिस्ताचं शरीर. त्यावर पुढचा प्रश्न विचारणं मला जमलं नाही.

शांताबाईंचं म्हणणं होतं की हवा बदलली. दगडूभाऊंचं म्हणणं होतं की मशीन परदेशी आहे, आपल्या रक्ताला लागू नाही. जोॲना टोरांटोहून रात्रंदिवस फोन करत होती. सर्जनच्या दवाखान्यातून निरोप आला की दुसरी तारीखही रद्द. त्या दिवशी मी अंकलच्या समोर जाऊन बसलो आणि ऑफिसात वापरतो त्या आवाजात म्हणालो की एकदा खरं काय ते सांगून टाका, आपण यातून मार्ग काढू.

अंकलने माझ्याकडे पाहिलं. मग मोठ्या आवाजात बोलतील असं वाटलं, पण ते हळू बोलले.

"अभय, मी खाल्ला नाय. तू सगळ्या दुनियेसमोर माझी उशी उलटी केली, मी गप बसलो. पन मी खाल्ला नाय."

"अंकल, मशीन खोटं बोलत नाही."

"मग तुझं बोट दे."

टेबलावर बोटाला टोचून साखर मोजायचं जुनं मशीन होतं. चकतीचा आकडा बरोबर आहे का ते ताडून बघायला सर्जननेच ते ठेवायला सांगितलेलं. अंकलचा मुद्दा असा, की ज्याची साखर नॉर्मल आहे त्याचं बोट टोचू, मशीन नीट आहे का ते कळेल. तर्क बिनतोड होता. बोटाला गोड लागलं असेल तर आकडा चुकतो, म्हणून अंकलनी मला साबणाने हात धुऊन यायला लावलं. दीपिका आणि आंटी साक्षीला उभ्या राहिल्या. सुई टोचली. मशीनने थोडा विचार केला.

दोनशे शहाऐंशी.

पुन्हा हात धुतले, दुसरा हात, दुसरं बोट. दोनशे एक्याण्णव.

 मग दीपिका आमच्या घरात गेली आणि कपाटावरची टोपली घेऊन आली. ती तिने आंटींसमोर ठेवली. पेरूच्या चीजचा फक्त बटर पेपर उरला होता. आंटींनी तो उचलून पाहिला आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा जरा खुलला. कुणीतरी आवडीने खाल्लं एवढंच त्यांना दिसलं असावं.

फॅमिली डॉक्टरने मला साखर उतरवायची गोळी सुरू केली आणि सकाळी चालायला सांगितलं. मी शिवाजी पार्कला जाऊ लागलो. तिथे साखरेवर बोलणाऱ्या रिटायर्ड लोकांचे एवढे कंपू आहेत, की नवीन माणसाला कुठे घ्यायचं हे आधी आकडा विचारून ठरवतात. मी दोनशे ऐंशी सांगितल्यावर मला मानाने मध्ये चालवलं. घरी अंकल संध्याकाळी दार उघडून बसायचे आणि मी जिना चढून आलो की शर्टाचा खिसा दाखव म्हणायचे. मी दाखवत होतो. नियम सर्वांना सारखा.

पण साखर दोघांचीही उतरेना. सर्जन कंटाळला आणि त्याने आम्हाला भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं, की या बघून सांगतील, ऑपरेशन कधी जमेल. पुन्हा खुर्ची, पुन्हा तीन मजले. बाई वयाने लहान, बोलायला शांत. त्यांनी अंकलची सगळी औषधं टेबलावर मांडायला सांगितली, मग विचारलं, याशिवाय काही घेता? काढा, चूर्ण, कुणी दिलेलं काही? अंकल छताकडे बघू लागले. मी म्हटलं, तसं काही नाही, एक जडीबुटीची पावडर आहे, पण ती फक्त दुखण्यासाठी.

त्यांनी पुडी मागितली. आंटींच्या पर्समध्ये ती निघाली. बाईंनी ती उघडून पाहिली, कधीपासून घेता विचारलं, दुखणं किती दिवसांत थांबलं विचारलं.

"इतक्या लवकर जडीबुटी कुणाचं दुखणं थांबवत नाही," त्या म्हणाल्या. "यात बहुतेक स्टेरॉइड कुटून घातलंय. त्याने दुखणं जातं आणि साखर चढते. हे मला न सांगता तुम्ही यांना ऑपरेशनच्या टेबलावर आणलं असतंत, तर भूल दिल्यावर यांचं ब्लड प्रेशर कोसळलं असतं. ही दिली कुणी?"

 मी तोंड उघडलं, पण त्याआधी अंकल म्हणाले, "मित्राने दिली. चांगल्यासाठी दिली."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीही घेता?"

मी मान हलवली. त्यांनी माझंही नाव लिहून घेतलं. अशी गोष्ट एकदम बंद करायची नसते, नाहीतर शरीर कोलमडतं, म्हणून पुडीच्या जागी मोजून गोळी देऊन ती हळूहळू कमी करायची असं त्यांनी सांगितलं. बाहेर आल्यावर आंटींनी माझ्याशी बोलणं बंद केलं नाही. त्यांनी फक्त विचारलं की माझा खांदा कसा आहे. मला त्यापेक्षा बोललेलं परवडलं असतं.

दगडूभाऊंना कळलं तेव्हा ते खाली बसले. मंडळातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना त्यांनी पुड्या पोचवल्या होत्या, स्वतःच्या साडूलासुद्धा. ते तडक काळाचौकीला गेले. तो माणूस त्या गुरुवारी आलाच नव्हता, पुढच्या गुरुवारीही आला नाही. दगडूभाऊ मग घराघरांत जाऊन पुड्या परत गोळा करत फिरले आणि प्रत्येकाला डॉक्टरकडे जायला सांगत राहिले. अध्यक्षपदाचा पुढे त्यांनी बरेच दिवस उल्लेख केला नाही.

हळूहळू आकडे उतरले. अंकलचा गुडघा पुन्हा पेटला, पण या वेळी सहन करा एवढंच सांगण्यासारखं होतं, आणि ते त्यांनी केलं. सर्जनने तिसरी तारीख दिली. जोॲनाला रजा मिळेना. ती फोनवर रडली आणि नंतर मला म्हणाली की तू आहेस ना.

ऑपरेशनसाठी ॲडमिट व्हायच्या आदल्या संध्याकाळी अंकलने मला गॅलरीत बोलावलं. खाली रस्त्यावर नेहमीची गर्दी होती. आकडा एकशे अडतीस होता. मी तो त्यांना कौतुकाने दाखवला. त्यांनी बघितलाच नाही.

"तुला एक सांगतो," ते म्हणाले. "तीनशे वर गेला ना, तवा तुम्ही सगळे घाबरले. मला बरा वाटायचा."

मला कळलं नाही. ते पुढे म्हणाले, "रॉनी, माझा धाकटा भाऊ. हर्नियाचा ऑपरेशन होता, छोटासा. सकाळी हसत आत गेला. मीच नेलेला त्याला."

त्यांनी पुढचं सांगितलं नाही. एवढे महिने मी या माणसाच्या रक्तावर नजर ठेवून होतो, आणि आकड्यांत हे कुठेच आलं नव्हतं. काही होणार नाही, असं मला म्हणता आलं असतं. पण आमच्या धंद्यात हे वाक्य आम्ही कुणाला लिहून देत नाही.

मी म्हटलं, "मी दाराशी बसेन."

"कुठल्या?"

"ऑपरेशनच्या. तुम्ही बाहेर येईपर्यंत."

अंकलने खाली रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाले, "व्हायोलाला यातला काय बोलू नको."

सकाळी हॉस्पिटलमध्ये त्यांचा नंबर पहिला होता. डायबेटिसवाल्याला फार वेळ उपाशी ठेवता येत नाही म्हणून त्याला आधी घेतात, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. आत असताना आणि नंतरही थोड्या थोड्या वेळाने साखर बघणार होते. भूल दिलेला माणूस चक्कर येते असं सांगू शकत नाही, त्यामुळे त्याच्या रक्तालाच विचारावं लागतं, असं त्या म्हणाल्या. मला ते पटलं. अंकलने जाताना हात वर केला. हसले नाहीत. मला ते बरं वाटलं.

मी दाराशी बसलो. आंटी जपमाळ घेऊन बसल्या. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, त्यामुळे त्यांच्यासमोर खाणं मला बरं दिसेना. साखरेची गोळी मात्र मी वेळेवर घेतली होती. औषधाच्या बाबतीत आता मी फार काटेकोर झालो होतो. काही वेळाने मला दाराची पाटी दोन-दोन दिसू लागली. मग घाम आला. मग आंटींचा आवाज फार लांबून आला, आणि पुढचं मला दीपिकाने सांगितलेलं आहे : मी खुर्चीवरून सावकाश, फाइल टेबलावरून घसरावी तसा, खाली घसरलो.

सिस्टरने माझं बोट टोचलं. अठ्ठावन्न. पुड्या सुटल्यामुळे साखर खाली आलेली, वर गोळी घेतलेली आणि पोटात अन्न नाही. मला ट्रॉलीवर घालून तोंडात ग्लुकोजचं पाणी दिलं, हाताला सलाइन लावलं. मी सांगत होतो की मला इथून हलवू नका, मला दाराशी बसायचं आहे. सिस्टरने विचारलं, बसायचं? मी म्हटलं, झोपलो तरी चालेल. बहुधा वाद घालायला तिला वेळ नव्हता. ट्रॉली भिंतीला लावून तिथेच ठेवली.

त्यामुळे ऑपरेशन संपवून अंकलना बाहेर आणलं, तेव्हा मी कबूल केल्याप्रमाणे दाराशीच होतो. दोन ट्रॉल्या क्षणभर शेजारी शेजारी आल्या. अंकलने जड डोळे उघडले, माझी सलाइनची बाटली पाहिली आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "तुझा पन गुडघा?"

ऑपरेशन उत्तम झालं होतं. त्या संध्याकाळी त्यांची साखर दोनशे दहावर गेली आणि मी सवयीने विचारलं की काय दिलंत यांना खायला. सिस्टर म्हणाली, काही नाही. एवढं मोठं ऑपरेशन झालं की साखर आपोआप चढते, शरीर घाबरलेलं असतं. इन्सुलिन लावून त्यांनी ती खाली आणली. अंकल उशीवरून माझ्याकडे बघत होते. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, जोरात बोल, ऐकू आला नाय.

पुढचे दोन महिने व्यायामाचे. आधी वॉकर, मग काठी, मग एकेक पायरी; जिन्यावरून शिव्या ऐकू येऊ लागल्या, आणि इमारत पूर्ववत झाली. मी अंकलना जिन्यात धरायला जायचो, ते हात झटकायचे. पहिल्या मजल्यापर्यंत उतरून ते परत फिरायचे. खाली रस्त्यावर जायला मात्र नको म्हणायचे.

माझ्याबद्दल डॉक्टरांचं मत असं, की पावडरने आजार आणला नाही, फक्त लवकर उघड केला. आता जन्मभर सांभाळायचं. मी सांभाळतो. पण एका संध्याकाळी ऑफिसातून येताना मी लालबागला बसमधून उतरलो, आणि नाक्यावरच्या डेअरीत ताजा खरवस आला होता. मी आत जाऊन पाठमोरा बसलो. एकच वडी घेतली. तिचा कोपरा मोडतो न मोडतो तोच खांद्यावर हात पडला.

अंकल उभे होते. स्वच्छ शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, कपाळावर घाम. काठी नव्हती. मी त्यांच्या मागे पाहिलं. आंटी नव्हत्या, कुणीच नव्हतं.

ते समोर बसले, प्लेट आपल्याकडे ओढली आणि वडीचे बरोबर दोन तुकडे केले. आम्ही आपापला तुकडा खाल्ला. मला विचारायचं होतं ते विचारायची हिंमत झाली नाही; विचारलं तर ते संपेल असं काहीतरी वाटत होतं.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. टोरांटोला सकाळ झाली होती.

"अभयदादा, डॅडीची शुगर वर चाललीये. घरी कोण आलंय?"

"घरी कुणी नाही. डॅडी घरी नाहीये."

पलीकडे तिचा आवाज चढला. मग ती म्हणाली, "काय झालं?"

"काही झालं नाही. लालबागला आहे. माझ्यासमोर बसलाय."

"कुणी आणलं?"

"चालत आला."

"एकटा?"

"एकटा."

तिने साखरेचं काहीच विचारलं नाही.  मग ती नाक ओढून म्हणाली, "आणि परत कसा येणार आहे तो?"

मी अंकलना विचारलं. त्यांनी बोट चाटलं, टेबलाच्या कडेला न धरता उभे राहिले आणि शर्ट खाली ओढला.

"तिला सांग," ते म्हणाले, "आला तसा."